कानामात्रा

यंत्राने सांगितलं: काम यशस्वी.
खाली बारीक अक्षरात:
फायली चार हजार तीनशे बारा,
वगळल्या चार.

वगळल्या म्हणजे काय, मी विचारलं.
निलोफर मुकादम म्हणाली, तोंडात खारी,
वाचता आल्या नाहीत, म्हणून बाजूने गेलं ते.
वर्गात पोरं नाही का, अवघड शब्द आला
की पुटपुटतात
आणि पुढचा दुप्पट मोठ्याने वाचतात.

मरोळला पाचव्या मजल्यावर एसी गळत होता.
खाली बादली.
पतपेढीचा जुना कोड नव्या घडीने लावून
मार्चअखेर द्यायचा होता.
आम्ही सगळे बदल थांबवले. यंत्राला म्हटलं,
काही सुधारू नकोस बाबा. नुसतं वाच,
आणि वाचलंस ते
कानामात्रा न बदलता परत लिहून दाखव.

तीन फायलींचं दुखणं सरळ होतं,
त्यातली एक तर कुणी वापरतही नव्हतं.
चौथी व्याजाची.
यंत्राचं बोट ओळ दोन हजार दोनशे आठवर.
तिथे एक गरीब बेरीज, तिचा काय दोष?
ठेच लागते एकीकडे, माणूस आपटतो भलतीकडे.
आणि कंपायलर तर हीच फाइल
एकोणीस वर्षं तक्रार न करता जेवत आलेला.

मी फाइल मधोमध कापली.
दोन्ही तुकडे मोडले.
चूक माझीच, फंक्शनच्या पोटातून सुरी घातली होती.
मग सांधे बघत कापत गेले.
अकराशे ओळी. साडेपाचशे. जेवणाची सुट्टी.
संध्याकाळी हातात उरल्या नऊ.

नऊ ओळींत एक शेरा,
त्याखाली मिटणारा कंस,
त्याखाली आणखी एक मिटणारा कंस,
आणि त्याच्याशेजारी, इंग्रजीत:
हा काढू नका. का ते मलाही माहीत नाही. आर. के.

उघडणारा एक, मिटणारे दोन.
यंत्राने दोन मोजले.
कंपायलरने एक.
दोघंही शपथेवर सांगायला तयार.

निलोफरने बाइट उघडे केले.
शेरा जुन्या मराठी फाँटातला,
आमच्या पडद्यावर रोमन अक्षरांची भेळ,
आणि ओळीच्या अगदी टोकाला
एक उलटी तिरपी रेघ.
शेऱ्याच्या टोकाला ही रेघ दिसली की कंपायलर समजतो,
बोलणं अजून संपलेलं नाही,
आणि खालची ओळही शेऱ्यात ओढून घेतो.
पहिला कंस जन्मापासून शेऱ्यात बुडालेला.
त्याच्या जागी आर. के.ने दुसरा उभा केला,
अंधारात, चाचपून, आणि तो चालला.

पण शेरा म्हणत काय होता?
मेट्रोने गिरगाव. मुगभाटात
पितळे अजून लग्नपत्रिका छापतात,
त्यांच्या जुन्या मशीनवर तो फाँट जिवंत आहे.
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ओळ निवडली,
फाँट लावला.
‘इथे पैसा पैसा मोजा’

एवढंच. वर, फायलीच्या माथ्यावर, नाव मो. ह. चुरी.
मी टोकाच्या रेघेवर बोट ठेवलं, आणि ही?
पितळे हसले. हा काना आहे हो.
‘मोजा’तला.
या फाँटात काना त्या रेघेवरच बसवलाय.
पैसे विचारले तर म्हणाले, ओळीचे काय घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी ‘मोजा’पुढे मी एक टिंब दिलं.
आर. के.चा कंस काढताना
बोट जरा वेळ हवेत राहिलं.
आर. के. कोण, पतपेढीत कुणाला सांगता येईना.

यंत्राने फाइल वाचली.
वाचली ती परत लिहिली,
काना होता तिथे काना.
वगळल्या: शून्य.
निलोफर बादली ओतून आली
आणि म्हणाली, आता बदलायला घेऊया.